पॉइंट टेबल बघून मॅनेजर काढू नका

प्रश्न असा आला आहे: "सर, आमच्या गावात लाल जर्सीवाल्यांचा ग्रुप आहे. आठपैकी पाच मॅच हरलो. अर्धे पोट्टे म्हणतात मॅनेजरला आत्ताच हाकला, अर्धे म्हणतात फर्ग्युसनलाही वेळ दिला होता. पारावर रोज भांडणं होतात. तुम्ही कोचिंग करता, तर तुम्हीच सांगा, काढावं का ठेवावं? आणि आमच्या गावच्या टीमचा कोचही बदलायचं चाललंय, त्याचंही सांगा."

लाल जर्सी म्हणजे इंग्लिश लीगमधलं मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल की आर्सेनल, ते लिहिलेलं नाही. (मॅनेजर म्हणजे तिकडे टीमचा मुख्य कोच. फर्ग्युसन हा युनायटेडचा जुना मॅनेजर, पण त्याचं नाव प्रत्येक भांडणात येतं.) बरंच झालं. नाव कळलं असतं तर अर्ध्या वाचकांनी पुढचं वाचलंच नसतं. मी वणीकडच्या कोळसा पट्ट्यात बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतो, आणि रात्रपाळीची लाइन आली की मोटार चालू करून बांधावर मोबाइलवर मॅच बघणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यामुळे हे भांडण मला नवं नाही.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. नुसत्या निकालांवरून मॅनेजर काढू नये. खेळाडूंनी त्याच्यासाठी धावणं सोडलं असेल आणि त्याच्या जागी कोणाला आणायचं हे क्लबचं ठरलेलं असेल, तर काढावा, आणि मग आठवडाभरही थांबू नये. दोन्हीपैकी एकच गोष्ट असेल तर कळ काढावी.

आता आठपैकी पाच हारी. या आठ मॅच कोणाविरुद्ध होत्या, ते आधी कागदावर लिहून काढा. मँचेस्टर सिटी, चेल्सी, न्यूकॅसल अशा तगड्या टीम लागोपाठ आल्या असतील आणि त्यातल्या दोन मॅच बाहेरच्या मैदानावर असतील, तर चांगल्या टीमचीही हीच गत होते. मग पुढच्या सहा मॅच लिहा. त्या सोप्या असतील तर नवा मॅनेजर आल्या आल्या जिंकायला लागेल आणि पारावर "पाहा, म्हटलं नव्हतं काय?" सुरू होईल. नेदरलँड्समधले अर्थशास्त्रज्ञ बास टर वील यांनी तिथल्या पहिल्या डिव्हिजनचे १९८६ ते २००४ चे निकाल घेऊन हेच तपासलं. मॅनेजर काढल्यावर टीम सुधारल्या खऱ्या. पण तेवढ्याच घसरलेल्या ज्या टीमनी मॅनेजर ठेवला, त्याही तशाच सुधारल्या होत्या. टीम आपल्या नेहमीच्या पातळीच्या खाली गेली की काही दिवसांनी ती वर येतेच. त्याच वेळी जो खुर्चीत बसलेला असतो, श्रेय त्याला मिळतं.

आमच्याकडे एका टुर्नामेंटमध्ये असंच झालं. एका टीमचे पैसेवाले अध्यक्ष पहिली मॅच हरल्याबरोबर चिडले, त्यांनी रातोरात कोच बदलला. दुसरी मॅच चार गोलांनी जिंकली. अध्यक्षांनी मंडपात भाषण ठोकलं. समोरच्या टीमचा गोलकीपर त्या दिवशी लग्नाला गेला होता, हे भाषणात आलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? ईडा पीडा, रोगराई, सगळं एका मारबतीच्या, म्हणजे पुतळ्याच्या, डोक्यावर टाकतो आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतो. गावाला मोकळं वाटतं, आणि ते मोकळं वाटणंही खरंच असतं. क्लबचे मालक मॅनेजर काढतात तेव्हा पुष्कळदा हाच विधी चाललेला असतो. तीन महागडे खेळाडू चुकीचे घेतले, डाव्या बाजूला बॅक, म्हणजे बचावाचा खेळाडूच नाही, फिजिओचा विभाग निम्मा रिकामा, हे सगळं त्या एकाच माणसाच्या अंगावर घालून त्याला वेशीबाहेर काढतात. प्रेक्षक दोन आठवडे शांत बसतात. डावा बॅक तरीही नसतोच.

म्हणून निकालाच्या मागे काय आहे ते बघायला शिका. तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर स्कोअरची अ‍ॅप आहेत, त्यात एक्सजी नावाचा आकडा असतो. टीमने ज्या जागांवरून, ज्या प्रकारचे शॉट मारले, तसल्या शॉटवर साधारण किती गोल व्हायला हवे होते, ते तो सांगतो. एका मॅचचा एक्सजी बघून काही कळत नाही. दहा-बारा मॅचचा एकत्र धरला तर पुष्कळ कळतं. मॅनेजर युर्गेन क्लॉपची डॉर्टमुंड टीम २०१४-१५ मध्ये जर्मन लीगच्या टेबलात चक्क शेवटच्या नंबरवर होती, फेब्रुवारी उजाडला तरी. कोणीही म्हणालं असतं की माणूस संपला. डॉर्टमुंडने त्याला काढलं नाही. टीम सिझनअखेर सातवी आली आणि जर्मन कपच्या फायनललाही पोचली. त्यानंतर तो स्वतःच्या मनाने क्लब सोडून गेला. लिव्हरपूलचे आकडेतज्ज्ञ इयान ग्रॅहम यांनी नंतर त्या सिझनचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की डॉर्टमुंड खेळली होती बरीच चांगली, दैवाचा मार खाल्ला होता. त्याच क्लॉपने लिव्हरपूलला २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) आणि २०२० मध्ये इंग्लिश लीग मिळवून दिली.

एक्सजी चांगला असून टीम हरत असेल तर शांत राहा. एक्सजी वाईट असून जिंकत असेल तर मात्र आतापासूनच काळजी करा. तसल्या वेळी पारावर कोणीच ओरडत नाही, ही गंमत आहे.

आकड्यांत न दिसणारी, पण टीव्हीवर दिसणारी गोष्ट म्हणजे ड्रेसिंग रूम. "खेळाडूंनी मॅनेजरला सोडलं" असं कॉमेंटेटर म्हणतात, तेव्हा लोकांना वाटतं की खेळाडू मुद्दाम हरतात. मी तसं कधीच पाहिलं नाही. सगळ्यात नाराज पोरगाही मैदानात उतरला की त्याला जिंकायचंच असतं. होतं असं की तो धोका पत्करणं थांबवतो. मिडफिल्डर दोन माणसांच्या मधे उभा राहून बॉल मागायचा, तो आता बॅकच्या शेजारी येऊन मागतो. विंगर समोरच्याला चकवायला जात नाही, परत मागे पास देतो, म्हणजे चूक त्याच्या नावावर पडत नाही. स्ट्रायकर पहिला प्रेस करतो, म्हणजे बॉल हिसकायला समोरच्याच्या अंगावर धावतो, मागे वळून बघतो, दुसरा आलेलाच नसतो. पुढच्या वेळी पहिलाही जात नाही. पंधरा दिवसांपूर्वी जी टीम एकत्र धावत होती, ती आता अकरा जणांची वेगवेगळी टीम असते.

मॅच बघताना बॉलकडे बघू नका, हे मी पोरांना नेहमी सांगतो. बॉल हातचा गेला की पुढचे पाच सेकंद बघा. मागे कोण पळतं, कोण कमरेवर हात ठेवून उभं राहतं? गोल खाल्ल्यावर कॅप्टन कोणाशी बोलतो का, की सगळे खाली मान घालून मध्यावर चालत येतात? आपल्या टीमने गोल केला तर बेंचवरचे बदली खेळाडू उठतात का? कॉर्नरवर दर आठवड्याला त्याच जागेवर, त्याच पद्धतीने गोल बसतोय का? यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं. बाकीच्यात खेळाडूंचाही वाटा असतो, पण तीच चूक महिनाभर चालली तर सोमवार ते शुक्रवार ट्रेनिंगला काही होत नाही, किंवा होतं ते खेळाडूंच्या डोक्यात शिरत नाही. दोन्हीचा जाब मॅनेजरलाच द्यावा लागतो.

टीम हरतेय, पण ८५ व्या मिनिटालाही सगळे पळत आहेत, शिव्या खाऊनही एकमेकांना कव्हर देत आहेत, असं दिसलं तर त्या मॅनेजरला मी हात लावणार नाही. चार पॉइंट कमी असले तरी चालतील.

आता फर्ग्युसन. प्रत्येक भांडणात हा येतोच. १९८६ च्या नोव्हेंबरात तो युनायटेडला आला. १९८८-८९ मध्ये टीम अकरावी, १९८९-९० मध्ये तेरावी. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून ५-१ मार खाल्ला. "आता निघा" म्हणणारा बॅनर स्टेडियममध्ये लागला. मग जानेवारी १९९० मध्ये एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या एका गोलवर जिंकले, पुढे तो कप जिंकला आणि नोकरी वाचली, अशी कथा सांगतात. पहिली लीग १९९३ ला आली, एकूण १३ आल्या. हे सगळं खरं आहे. पण तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स पुढे सांगत राहिले की त्या एका मॅचवर नोकरी अवलंबून नव्हती. दुखापतींची यादी त्यांच्यासमोर होती, आणि ज्युनियर पोरांवर चाललेलं कामही त्यांना दिसत होतं. त्या पोरांत पुढे मोठा खेळाडू झालेला रायन गिग्ज होता. म्हणजे त्यांनी डोळे मिटून वेळ दिला नव्हता. आत जे चाललं होतं ते बघून दिला होता. "फर्ग्युसनला वेळ दिला" एवढंच म्हणून थांबणाऱ्याने ज्यांना वेळ देऊनही काही झालं नाही, अशांची यादीही करावी. ती बरीच लांब होईल आणि त्यातली नावं आज कोणाला आठवत नाहीत.

आर्टेटाचं उदाहरण मला त्याहून उपयोगाचं वाटतं, कारण तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. आर्सेनल त्याच्या हाताखाली दोनदा आठवी आली. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच एकही गोल न करता हरली, टेबलात सगळ्यात खाली गेली. क्लबने त्याला नुसतं ठेवलं नाही. त्याने ज्यांना नको म्हटलं, त्यांना जाऊ दिलं, अगदी कॅप्टन ऑबामेयांगलाही. ओडेगार्ड, बेन व्हाइट, रॅम्सडेल अशी तरणी पोरं आणली. पुढे तीन सिझन लागोपाठ दुसरा नंबर. मॅनेजरला ठेवायचं आणि त्याला नको असलेले खेळाडूही ठेवायचे, असं केलं असतं तर हा निकाल लागला नसता.

दुसरी अट मी म्हटली ती येणाऱ्या माणसाची. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये मॅनेजर लॅम्पार्डला काढलं, टीम नवव्या नंबरवर होती. लॅम्पार्ड त्यांचा जुना लाडका खेळाडू, तरी काढला. पण महिनाभर आधी पॅरिसच्या पीएसजी क्लबने मॅनेजर टुखेलला मोकळं केलं होतं. तो पॅरिसला आदल्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलला घेऊन गेला होता. चेल्सीकडे खेळाडू चांगले होते, डिफेन्स सांडत होता, आणि डिफेन्स बांधणारा माणूस दारात उभा होता. चार महिन्यांत त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली. क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये डी बूरला लीगच्या चारच मॅचनंतर काढलं तेव्हा सगळे हसले होते. चार मॅचमध्ये एकही गोल नव्हता, आणि त्याला जसं खेळायचं होतं तसं खेळणारे खेळाडूच त्या टीममध्ये नव्हते. म्हातारा रॉय हॉजसन आला, त्यानेही पहिल्या तीन हरल्या, तरी शेवटी टीम अकरावी आली. चार मॅच म्हणजे घाई, असं मीही एरवी म्हणेन. पण मॅनेजर आणि खेळाडू यांची सोयरिकच चुकली असेल तर लवकर मोडलेली बरी.

उलटं उदाहरण वॉटफर्डचं. २०१९-२० मध्ये त्यांनी एका सिझनमध्ये तीन मॅनेजर काढले. तिसऱ्याला, नायजेल पिअर्सनला, दोन मॅच उरलेल्या असताना हाकललं. तेव्हा टीम धोक्याच्या रेषेच्या वर होती. राहिलेल्या दोन्ही हरले आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२५ मध्ये पोस्टेकोग्लूला आणून ३९ दिवसांत परत पाठवलं. इतक्या दिवसांत आपल्याकडे सोयाबीनही हाती येत नाही.

मला खरा राग येतो तो मालकांचा आणि बोर्डाचा, कारण त्यांना कोणी काढत नाही. युनायटेडने टेन हागचा करार २०२४ च्या जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना मोकळं करायला एक कोटी पौंडांवर खर्च आला. जूनमध्ये शंका होती तर जूनमध्येच काढायचा होता. तेव्हा नवा माणूस सिझनच्या आधी आपले खेळाडू घेऊ शकला असता. त्याऐवजी नोव्हेंबरात अमोरिम आला. मागे तीन डिफेंडर ठेवून खेळणारा हा माणूस, आणि हाती टीम चार डिफेंडरांसाठी घेतलेली. त्या सिझनला युनायटेड पंधरावी. यात अमोरिमची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण फर्ग्युसन २०१३ ला गेल्यापासून मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, सोलशार, टेन हाग, अमोरिम यांच्यापैकी कोणालाच लीग जिंकता आली नाही, तेव्हा इतकी वेगवेगळी माणसं एकाच खड्ड्यात का पडली, हा प्रश्न खड्डा राखणाऱ्यांना विचारायला हवा.

आणि इंग्लंडला हसू नका. आपल्या फेडरेशनने (एआयएफएफ) भारताचा कोच स्टिमाच याचा करार २०२६ पर्यंत वाढवला, जून २०२४ मध्ये भारत वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतून बाहेर पडल्यावर त्याला काढलं, आणि शेवटी ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मग मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवा क्लबची नोकरी सांभाळून. मग ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील. जमील यांच्याबद्दल मला आदर आहे. मिझोरममधल्या आयझॉलसारख्या छोट्या शहराच्या टीमला २०१७ मध्ये आय-लीग, म्हणजे देशाची लीग, जिंकून देणारा माणूस आहे तो. तरी आशिया कपची पात्रता हुकलीच. या सगळ्यात जून २०२४ ला निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत, मार्च २०२५ मध्ये, परत बोलवावं लागलं. तीन कोच झाले, पण गोल करणारा दुसरा माणूस देशात तयार झालेला नव्हता. तो बेंचवर बसलेला कोच तयार करत नाही. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना गावात, तालुक्यात तयार व्हावा लागतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी पहिल्यापेक्षा जास्त किंमत देतो.

गावच्या टीमचा कोच म्हणजे बहुतेक शाळेतले पीटीचे सर किंवा खाणीत ड्युटी करून संध्याकाळी मैदानावर येणारा एखादा जुना खेळाडू. पगार नाही. त्याला काढायचं म्हणजे काय, तर त्याला सांगायचं की उद्यापासून फुकट येऊ नका. आणि त्याच्या जागी येणारा कोण आहे? माझी दुसरी अट इथे जास्तच लागू पडते. बहुतेक ठिकाणी कोणीच नसतं. चार दिवस टीममधलाच एखादा सिनिअर शिट्टी वाजवतो, मग ट्रेनिंग बंद पडतं.

हरलेल्या मॅचच्या तारखा बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. अर्धी टीम वावरात आणि कोच उरलेल्या सात जणांना घेऊन पासिंग करतोय, असं होतं. त्या महिन्यांतल्या हारींचा हिशेब कोचवर लावायचा नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे खालून पास देणारा खेळ वर्षातले मोजके महिनेच जमतो. कोच लांब बॉल मारायला लावतो म्हणून तुम्ही चिडला असाल तर आधी मैदानावर चालून बघा.

तरीही काढण्याची वेळ येते. कोच लहान पोरांना मारत असेल, जातीवरून किंवा ओळखीवरून टीम निवडत असेल, दुखापत झालेल्या पोराला फायनल आहे म्हणून उतरवत असेल, तर एक मॅचही थांबू नका, मग तो कितीही जिंकून देत असो. बाकी तक्रारी असतील तर त्याला एआयएफएफच्या डी लायसन्सच्या कोर्सला पाठवायचा खर्च वर्गणीतून करा. नवा कोच शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि माणूस गावातच राहतो. आठवड्याला किती पोरं येतात त्याची वही ठेवायला सांगा. हजेरी वाढत असेल तर हरत असला तरी कोच चांगला आहे, हे माझं ठाम मत आहे. हजेरी घटत असेल तर न येणाऱ्या दोन पोरांच्या घरी जाऊन कारण विचारा, कोचला विचारू नका.

एवढं केल्यावरही बदलायचाच असेल तर पुन्हा लिहा. फक्त त्या वेळी सोबत हेही कळवा की तुमच्या टीमकडे हवा टिकणारे बॉल किती आहेत. बावीस पोरांत दोन बॉल असतील तर गुआर्डिओलासारख्या नामांकित कोचलाही मी त्या नोकरीवर पाठवणार नाही.